पटकीच्या खोलीतली पाचवी

अक्का, काल तुझ्या शोकसभेत मी भांडलो. तू असतीस तर माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाली असतीस, "वसंता, बस खाली, लोक बघत्यात." तू नव्हतीस, म्हणून मी बसलो नाही.

सभा तुझ्याबरोबरच्या नर्सबायांनीच ठेवली होती, मी शिकवतो त्या शाळेच्या हॉलमध्ये. बिचाऱ्या मनापासून रडत होत्या. पण अध्यक्ष म्हणून बोलवावं कुणाला, तर आरोग्य खात्यातल्या त्या साहेबांना. आता निवृत्त झालेत, हातात काठी आली आहे, आवाज मात्र तोच. उभे राहिले आणि म्हणाले, पटकीच्या साथीनंतर शाहूवाडीच्या डोंगरात बंद पडलेली बाळंतपणाची खोली या बाईंनी अंधश्रद्धेवर मात करून पुन्हा सुरू केली, खात्याला त्यांचा अभिमान आहे. मी उठलो. म्हणालो, "साहेब, त्याच खोलीपायी तुम्ही हिची बदली केली होती. तेही सांगा की." साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "दुःखाच्या भरात माणूस बोलतो." मग कुणीतरी मला पाणी आणून दिलं आणि सभा पुढे चालू झाली.

तू कुठे जन्मलीस, कुठे शिकलीस, कितवी आलीस, ते सगळं त्यांनी सांगितलं. मला ते सांगायचं नाही. गेल्या आठवड्यात तुझा जलदानाचा विधी झाला, पाहुणे गेले, घर रिकामं झालं, आणि माझ्या डोक्यात आपलं भांडण तसंच सुरू आहे. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच. या वेळी मात्र फारच लांब गेलीस.

ती खोली मला अजून दिसते. जिल्हा परिषदा तेव्हा नव्या होत्या आणि तू नेमणुकीला होतीस त्या गावचं आरोग्य केंद्र त्याहून नवं. साऱ्या इमारतीत पाण्याचा नळ आणि सिमेंटची गुळगुळीत जमीन असलेली खोली एकच, ती तुझी बाळंतपणाची. तुझी म्हणतो, कारण तू तसंच म्हणायचीस. "माझ्या खोलीत चप्पल घालून आलास तर टंगडं मोडीन." डोंगरातल्या बायका घरीच बाळंत व्हायच्या, गोठ्याशेजारी अंधारात. तू घरोघर फिरून, सासवांच्या शिव्या खाऊन, चहा पिऊन, पुन्हा शिव्या खाऊन त्यांना खोलीत आणू लागलीस. हळूहळू येऊ लागल्या. तुझ्या पत्रांत दुसरं काही नसायचंच. अमकीला मुलगी झाली, तमकीचं पायाळू होतं, दोघं सुखरूप.

मग पटकी आली. कॉलऱ्याची साथ जगभर फिरत फिरत आली आहे असं पेपरात होतं. आपल्या डोंगरात ती ओढ्याच्या पाण्यातून आली. नळ आणि सिमेंटची जमीन पाहून डॉक्टरांनी तुझीच खोली घेतली. त्यात चूक नव्हती, हे तूही म्हणालीस. बाळंतपणाचं टेबल व्हरांड्यात गेलं आणि आत मधोमध भोकं पाडलेल्या बाजा आल्या, खाली बादल्या. तुम्ही सलाइनच्या बाटल्या बांबूला टांगल्या आणि माणसं ओढून परत आणली. सगळी आली नाहीत. त्या खोलीतून घोंगडीत गुंडाळून बाहेर नेलेली माणसं गावानं पाहिली. डॉक्टर तरुण होते, त्यांनी जीव तोडून काम केलं, ते मी नाकारत नाही.

साथ गेली. पेपरात आलं, साथ आटोक्यात. साहेबांना हार पडले, डॉक्टरांना पडले, तुझ्या हातात एक गुलाबाचं फूल पडलं. ते तू एसटीत विसरलीस.

आणि नंतर काय? मला वाटायचं, साथ गेली की सगळं आपोआप जागच्या जागी येत असेल. शाळेची सुट्टी संपली की पोरं वर्गात येतात, तसं काहीतरी. काही आलं नाही. क्षयाच्या लोकांची इंजेक्शनं थांबली होती, ती थांबलेलीच राहिली. पोरांच्या लसी बंद. पोटुशा बायकांच्या घरी कुणी फिरकेना. कारण केंद्रातली सगळी माणसं अजून पटकीच्याच सुया टोचत होती. चैत्रात जोतिबाची यात्रा होती, आणि यात्रेत साथ पुन्हा उठली असती तर साहेबांच्या हारांचं काय झालं असतं? तू डोंगरावर पायऱ्यांशी बसून गुलालानं माखलेले दंड पुसत होतीस आणि टोचत होतीस. तिकडे गावात कुंभाराची सून घरीच बाळंत झाली. वार आतच अडकली. गाडी मिळेपर्यंत ती संपली.

यात्रेवरून तू थेट माझ्याकडे कोल्हापुरात आलीस. तेव्हा मी नुकता मास्तर झालो होतो, लग्न व्हायचं होतं. मी पिठलं केलं होतं. तू घास हातात धरून बसलीस आणि म्हणालीस, "साथ गेली म्हनं. कुणाची गेली रं?" मग ताट सरकवलंस आणि रडलीस, मोठ्यानं, शेजारी ऐकतील असं. मी तुला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. कुंभाराची सून पटकीत मेलेल्यांत धरली गेली नाही. ती कशात मेली, हे विचारायलाच कुणी आलं नाही.

तू साहेबांशी भांडून गावात परत गेलीस. खोली मागितलीस, मिळाली. भोकाच्या बाजा जाळल्यास, भिंतींना चुना काढलास, टेबल आत आणलंस, आणि जमीन फिनेलनं घासलीस. रोज घासायचीस. डॉक्टरांनी दवंडी पिटवली, खोली आता स्वच्छ आहे, बायकांनी यावं. एकही आली नाही. तुम्ही आणखी फिनेल ओतलंत. डॉक्टर म्हणाले, खोली उघडी आहे, येत नाहीत त्याला आपण काय करणार? शनिवारची कोल्हापूरची गाडी पकडायची घाई त्यांना नेहमीच असायची.

तू मात्र पुन्हा घरोघर निघालीस. गंगू सुइणीनं तुला खरं काय ते सांगितलं. तिचं-तुझं आधी हाडवैर, तू आलीस आणि तिचं काम गेलं म्हणून. ती दारात पाय पसरून बसली होती, तुला म्हणाली, "बाई, त्या वासानंच पोरी भेत्यात. तुमची ती बाटली उघडली की मेलेलं माणूस आठवतंय. आनि खोलीत पटकीची मरीआई बसून गेली हाय. तितं सटवाई कशी येनार? पाचवीला ती आली न्हाय तर लेकराचं नशीब कोन लिवनार, तुमचा डाक्टर?"

तू मला हे सांगितलंस तेव्हा आपण दोघंही पोट धरून हसलो होतो. मला वाटलं, तूही माझ्यासारखीच हसते आहेस.

दुसऱ्या दिवसापासून तू फिनेल बंद केलंस. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, बस. आणि गावात निरोप फिरवलास, पाचवी दवाखान्यातच करायची, माझ्या खोलीत. पाटा आणा, वरवंटा आणा, दिवा लावा, पाच दिवस बाळंतीण इथेच राहील. तू हिशेबी बाई. पाच दिवस बाळंतीण डोळ्यांसमोर राहिली की ताप कळतो, रक्त कळतं, नाळेवर कुणी राख लावत नाही. सटवाईच्या नावावर तू ते पाच दिवस मिळवलेस. मला एवढं तरी मान्य आहे, अक्का, कल्पना हुशारीची होती.

पहिली आली हौसा. पहिलटकरीण, कुंभाराच्या शेजारघरची, भ्यालेली. तिला मुलगी झाली. आणि तिच्या पाचवीच्या दिवशी, तुला न कळवता, मी तुला भेटायला येऊन पोचलो.

दिवेलागणीची वेळ होती. खोलीत बायका दाटल्या होत्या. पाट्यावर हळद-कुंकू, लिंबू, पिठाचा दिवा, सटवाईनं लिहावं म्हणून कोरा कागद, आणि कागदावर तुझं शाईचं पेन. मी तुला नोकरी लागल्यावर दिलेलं. गंगूनं मला दारात पाहिलं. "या पावणं, बसा की. कुठनं आलासा?" तिनं घोंगडं पुढे केलं. मी म्हणालो, नर्सबाईंचा भाऊ. घोंगडं तिनं हळूच मागे ओढून घेतलं.

आणि तू कुठे होतीस? तू बाहेर होतीस. व्हरांड्यात, खांबाला टेकून, हात बांधून. मी विचारलं, "इथं का उभी हायस?" तू म्हणालीस, "पूजा हाय न्हवं. त्यांनी म्हटलं, बाई, जरा भायेर थांबा." असं म्हणालीस, जसं कुणी म्हणावं, गाडी यायची आहे, थांबले आहे. ज्या हातांनी तू हौसाची सुटका केलीस, तिच्या पोरीची नाळ कापलीस, तिला श्वास दिलास, ते हात पाट्याला चालत नव्हते. बाळंतिणीला चालत होते, कारण बाळंतिणीला आधीच विटाळ, त्यात तुझी भर काय पडणार? पेनही चालत होतं. फक्त तू नाही.

तिथेच सुरू झालं आपलं. मी ओरडलो हे खरं आहे, आतल्या बायकांनी ऐकलं हेही खरं आहे. मी म्हणालो, बौद्ध दीक्षा घेतली त्या वर्षी आपल्या आबांनी देव्हाऱ्यातले टाक पंचगंगेत सोडले, ते काय तू दवाखान्यात पाटा पुजावास म्हणून? तू म्हणालीस, "मी कुठं पुजला? मी निस्ता धुऊन दिला." मग आवाज खाली करून म्हणालीस, "तोबी त्यांनी परत धुतला." आणि हसलीस. अक्का, त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

तुला आठवत असेल, नसेल. मी पहिलीत होतो. मास्तरांनी मला वर्गाच्या उंबऱ्याबाहेर बसवलं होतं, पोत्यावर. तू चौथीत. मधल्या सुट्टीत तू ते पाहिलंस, आलीस, माझा दंड धरलास आणि मला ओढत आत नेऊन पुढच्या रांगेत बसवलंस. मास्तरांना म्हणालीस, "ह्यो माझा भाऊ हाय. ह्यो हितं बसनार." मास्तर काय म्हणाले, मला आठवत नाही. तुझी पकड आठवते. मी आज मास्तर आहे तो त्या पकडीमुळे, आणि हे मी तुला कधीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असंही नाही, तू "गप ए" म्हणाली असतीस. पण मला आत नेणारी माझी बहीण स्वतःच्या खोलीबाहेर उभी होती, आणि मी ते कसं गिळायचं होतं, हे तू मला शिकवलं नाहीस.

मी त्या व्हरांड्यात तुला हेच म्हणालो. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "खोली भरली का न्हाय?" मी म्हणालो, "भरली. तुला भायेर काढून." तेवढ्यात आत पोरगी रडली, आणि तू मला सोडून दाराशी गेलीस. उंबऱ्यावर थांबलीस. तिथूनच म्हणालीस, "हौसा, मान धर तिची, मान." पूजा आटपेपर्यंत तू पाय आत टाकला नाहीस. मी आल्या पावली निघालो, मिळेल त्या ट्रकनं कोल्हापूर गाठलं.

खोली भरली, हे मी नाकारत नाही. बायका रांगेनं येऊ लागल्या. त्यांच्यामागून लसीला पोरं आली, क्षयाची माणसं आली, केंद्र पुन्हा चालू लागलं. गंगूच पोरींना धरून आणायची. जे सरकारला हारतुऱ्यांनी जमलं नाही ते तू एका पाट्यावर केलंस. आणि दर पाचवीला तू व्हरांड्यात उभी राहिलीस. मी तुला पत्रातून विचारायचो, अजून बाहेरच का? तू उत्तरात अमकीला मुलगा, तमकीला जुळी, एवढंच लिहायचीस.

मग तक्रार गेली. कुणी केली, कळलं नाही. साहेब जीपमधून आले, पाटा पाहिला आणि व्हरांड्यात, सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या. त्यातून बौद्ध. तुम्हीच सरकारी दवाखान्यात हे थोतांड माजवता?" जे मी भाऊ म्हणून रागानं बोललो, तेच त्यांनी खुर्चीवरून सुनावलं. माझे शब्द त्या माणसाच्या तोंडी पडलेले मला अजिबात आवडले नाहीत. खोलीत गर्दी का झाली, ते त्यांनी विचारलं नाही. तू बाहेर का उभी असतेस, तेही नाही. तुझी कागलला बदली झाली. पाटा बाहेर गेला, बायका पाठोपाठ गेल्या. एवढ्या वर्षांत त्यातली एक तरी बाई कागलला तुला बघायला आली? हौसा आली? तू म्हणायचीस, "त्यास्नी कामं असत्यात." असतील.

त्या खोलीत पुढे फवारणीचे पंप ठेवले. मग नसबंदीची शिबिरं तिथे भरली, धरून आणलेली माणसं तिथे झोपवली, आणि बाया दवाखान्याचा रस्ताच सोडून रानातून जाऊ लागल्या. मग कुलूप लागलं. तुला हे सगळं कागलमध्ये बसून कळायचं, कसं कळायचं कुणास ठाऊक.

शेवटच्या दिवसांत तू माझ्याकडेच होतीस. मूत्रपिंडं गेली होती, पाय सुजून खांबासारखे झाले होते. माझी बायको, सुमन, तुझे पाय चेपायची आणि तू तिला, नीट चेपता येत नाही म्हणून रागवायचीस. पथ्याचं जेवण पाहून नाक मुरडायचीस, चोरून लोणचं मागायचीस. आणि एका दुपारी, कशावरून काही नाही, म्हणालीस, "वसंता, बरी झाले की बदली मागते. जाते परत. उघडते ती खोली." मी म्हणालो, "आनि परत भायेर उभी ऱ्हानार?" तू म्हणालीस, "ऱ्हाईन की. त्याला काय हुतंय?" मला संताप आला. मी उठून शिकवणीला गेलो. परत आलो तेव्हा तुझी शुद्ध हरपली होती, ती पुन्हा आली नाही.

त्याला काय हुतंय, अक्का? हेच मला तुला सांगायचं होतं. खूप काही होतं.

आज सकाळी एक पोरगी घरी आली. काल सभेत मागच्या रांगेत बसली होती म्हणे. आपल्यातलीच, पलीकडच्या तालुक्यातली, नर्सिंगचा कोर्स नुकताच झालेला. केस घट्ट बांधलेले, बोलण्यात दम. तिची पहिली नेमणूक तुझ्या गावाला झाली आहे. महिना होत आला, खोलीचं कुलूप तिनं काढलं, झाडून घेतली, आणि एकही बाई येत नाही. म्हणाली, "सर, काल तुम्ही साहेबांना बोललात ते ऐकलं. मला सांगा की, बाईंनी कसं आणलं बायकांना?"

सांगू नये असं मनात आलं. मग कुंभाराची सून आठवली, ताट सरकवून रडणारी तू आठवलीस, आणि मी सांगितलं. फिनेल, पाटा, पाच दिवस, गंगू, हौसा, सगळं. ती मान हलवत ऐकत होती, तिचे डोळे चमकत होते. शेवटी मी म्हणालो, "हे सगळं कर. पण त्यांनी बाहेर थांबा म्हटलं तर थांबू नकोस. आत उभी राहा."

तिनं विचार केला. मग अगदी साधेपणानं विचारलं, "आणि मग त्या आल्या नाहीत तर, सर?"

सुमननं चहा आणला. पोरीनं तो घाईघाईनं प्यायला, तिला मलकापूरची गाडी गाठायची होती. ती पाया पडू लागली, मी पडू दिलं नाही. दारापर्यंत मी सोडायला गेलो, तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. तिचं ठरलेलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी तिला थांबवलं नाही.

तुझी खोली भरेल, अक्का. बायका येतील, पाचवी होईल, दिवा लागेल. आणि दाराबाहेर पुन्हा आपलीच पोरगी उभी असेल.